कागदावरचा सोबती

लिहीन लिहीन म्हणत हा विषय बरेच दिवस मागे पडला होता. या वीकेंडला बाहेर मुसळधार पाऊस आहे, रिलीज पुढच्या आठवड्यावर गेलाय आणि चहाचा मग भरलेला आहे. म्हणजे आता काही सबब उरली नाही.

सुरुवात एका फॉर्मपासून करतो. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये ग्राहकाची माहिती भरायचा फॉर्म होता. त्यात 'पर्यायी फोन नंबर' हे फील्ड कंपलसरी होतं. ते का होतं, कुणाला माहीत नव्हतं. ज्याने ते टाकलं तो केव्हाच कंपनी सोडून गेला होता. एकदा रिपोर्ट बनवायला डेटा उघडला, तर ढिगाने लोकांचा पर्यायी नंबर एकच. दहा वेळा नऊ! ज्यांच्याकडे दुसरा फोन नव्हता, त्यांनी काय करायचं? फॉर्म पुढे सरकत नव्हता, मग त्यांनी सरकवला. आमचं व्हॅलिडेशन खूश, मॅनेजर खूश, आणि डेटाबेसमध्ये कचरा.

सक्ती केली की फील्ड भरलं जातं. खरी माहिती मिळेलच असं नाही. हे कळायला मला चार वर्षं इंजिनिअरिंग आणि दोन वर्षं नोकरी करावी लागली. पण त्याचा खरा अर्थ कळला तो २०२४ च्या जुलैमध्ये, नुब्रा खोऱ्यातल्या एका चेकपोस्टवर, रात्री आठच्या सुमाराला.

झालं असं, की मी आणि माझा एक मित्र (तो टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून त्याला इथे 'टेस्टर' म्हणतो) बाइकवर लडाखला गेलो होतो. गाड्या चंदीगडपर्यंत रेल्वेने, तिथून मनाली, अटल बोगदा, सर्चू आणि लेह. वाटेतली वर्णनं करत नाही. ती मंडळींनी शंभर ठिकाणी वाचली असतील आणि फोटो दोनशे ठिकाणी पाहिले असतील. लेहमध्ये चांगस्पाच्या एका गेस्टहाउसमध्ये आम्हाला एक डच गृहस्थ भेटले. वय साठीच्या आसपास, रिटायर्ड, जुनी होंडा आफ्रिका ट्विन घेऊन एकटेच हॉलंडहून निघालेले. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, वाघा आणि मग इथे. गाडीसाठी 'कार्ने' नावाचं पुस्तक बरोबर. ते म्हणजे गाडीचा पासपोर्टच, प्रत्येक सीमेवर त्यावर शिक्के. आम्ही त्यांना लगेच 'डचकाका' करून टाकलं. त्यांनी त्याचा अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाले, चालेल, माझे सख्खे पुतणे मला नावाने हाक मारतात.

डचकाकांना नुब्रा आणि पँगाँगला जायचं होतं. आम्हालाही. पण आमच्यात आणि त्यांच्यात एक फरक होता. आम्हा भारतीयांसाठी लडाखमधलं इनर लाइन परमिट २०२१ च्या ऑगस्टमध्येच रद्द झालंय. आम्ही पर्यावरण शुल्क वगैरे भरून पावती घेतली की झालं. त्यांना मात्र प्रोटेक्टेड एरिया परमिट लागणार होतं.

इथे थोडा इतिहास. कंटाळा आला तर पुढचा पॅरा गाळा, मी रागवणार नाही.

इंग्रजांनी १८७३ साली 'बेंगॉल ईस्टर्न फ्रंटिअर रेग्युलेशन' आणून ईशान्येच्या डोंगराळ भागाभोवती एक 'इनर लाइन' आखली. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०१९ च्या डिसेंबरपासून मणिपूर, इथे आपल्यालाही जे परमिट लागतं त्याचं मूळ तिथे आहे. परदेशी माणसांची भानगड वेगळी. त्यांच्यासाठी १९५८ साली 'प्रोटेक्टेड एरिया'चा आणि १९६३ साली 'रिस्ट्रिक्टेड एरिया'चा आदेश निघाला. हे दोन्ही आदेश १९४६ च्या फॉरिनर्स अ‍ॅक्टखालचे. तो अ‍ॅक्ट आता गेला, त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला. पण सीमेजवळच्या मुलखात परदेशी माणसाला वेगळी परवानगी हवी, ही कल्पना कायम आहे. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी हे भाग पर्यटकांना खुले झाले ते १९९४ मध्ये. नुब्राच्या टोकाचं तुर्तुक १९७१ च्या युद्धात भारताकडे आलं आणि पर्यटकांसाठी उघडलं २०१० मध्ये. म्हणजे आपण शाळेत होतो तोपर्यंत तिथे बाहेरचं कुणी जातच नव्हतं.

परदेशी पर्यटकाला या भागांत जायचे नियम साधारण असे: ठरवून दिलेल्या मार्गांवरूनच फिरायचं, अर्ज नोंदणी असलेल्या ट्रॅव्हल एजंटमार्फत करायचा, आणि गटात किमान दोन माणसं हवीत.

आमची गोष्ट या तिसऱ्या नियमावर येऊन अडली. डचकाका एकटे. आम्ही दोघं बरोबर होतो, पण आम्ही भारतीय, म्हणजे आम्ही त्यांच्या गटात मोजले जात नाही. मग एजंटकडे गेलो. (नाव विचारू नका, सांगणार नाही. आणि त्याचा एकट्याचा दोषही नाही.) त्याने अडचण ऐकलीसुद्धा नाही पुरती. ड्रॉवर उघडला, एका स्पॅनिश बाईच्या पासपोर्टची झेरॉक्स काढली आणि म्हणाला, संध्याकाळी परमिट घेऊन जा. बाईही एकटीच आली होती, तिलाही दुसरं माणूस हवं होतं. दोन एकटे मिळून एक गट! संध्याकाळी एका कागदावर दोन नावं आली. पाच-सहा झेरॉक्स हातात. बाई कुठल्यातरी शेअर टॅक्सीने दुसऱ्याच दिवशी, दुसरीकडेच जाणार होती. डचकाकांनी तिचं तोंडही पाहिलं नाही.

"चेकपोस्टवर विचारलं तर?" काकांनी विचारलं.

"सांगायचं, मागून येतेय," एजंट म्हणाला.

लेहमध्ये एकट्या परदेशी प्रवाशाला विचारा, तो हीच गोष्ट सांगेल. यात गुपित असं काहीच नाही. एजंटला माहीत, गेस्टहाउसवाल्याला माहीत, चेकपोस्टवरच्या जवानालाही माहीत. फक्त कागदाला माहीत नाही.

खारदुंग ला चढून आम्ही तिघं हुंदरला पोचलो. वाटेतल्या नाक्यावर जवानाने विचारलंच, "दूसरा कहाँ है?" डचकाका घुटमळले. मीच पुढे होऊन म्हणालो, "पीछे आ रही है जी, टॅक्सी में." जवानाने एक झेरॉक्स घेतली, रजिस्टरमध्ये '२ विदेशी' लिहिलं आणि बांबू वर केला. मला त्या वेळी स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी टेस्टरचं पोट बिघडलं. मी त्याच्यापाशी थांबलो आणि डचकाका एकटेच तुर्तुकला निघाले. जाऊन-येऊन दिवसाचा प्रवास. पाचपर्यंत परत येतो म्हणाले. पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले. त्यांचं प्रीपेड सिम बाहेरच्या राज्यातलं, ते लडाखमध्ये चालत नव्हतं. त्यांच्याकडे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं एक छोटं यंत्र होतं, एसओएसचं बटण असलेलं. पण भारतात असलं यंत्र विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे हे कुणीतरी वेळेवर सांगितलं म्हणून त्यांनी ते इकडे येण्याआधीच घरी पाठवून दिलं होतं. (शहाणपणा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र जवळ सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली.)

साडेसातला टेस्टर पोट धरून उठला आणि आम्ही जवळच्या चेकपोस्टवर गेलो. सांगितलं, एक डच माणूस सकाळी तुर्तुकला गेलाय, परत आला नाही. जवानाने रजिस्टर पाहिलं. अगदी शांतपणे म्हणाला, "दो लोग हैं ना? साथ में हैं. रुक गए होंगे उधर ही."

म्हणजे बघा. दोघं बरोबर आहेत म्हटल्यावर काळजी कशाला करायची? एकाला काही झालं तर दुसरा येऊन सांगेल. नियमाचा हेतूच तो असणार. आणि त्या हेतूप्रमाणेच तो जवान विचार करत होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

आम्ही आग्रह धरला. त्याने भल्या माणसासारखं पुढच्या पोस्टला वायरलेस लावला आणि विचारलं: एक आदमी, एक औरत, विदेशी, देखे क्या? थोड्या वेळाने उत्तर आलं: नाही. असं कुठलंही जोडपं आज इकडे आलेलं नाही.

मी ऐकत उभा होतो. आणि गप्प होतो.

खरं सांगायचं म्हणजे त्या वेळी माझ्या डोक्यात जे चाललं होतं त्याची अजून लाज वाटते. आपण खरं सांगितलं तर काकांचं परमिट रद्द होईल का? त्यांना देशाबाहेर काढतील का? एजंटचं लायसन्स जाईल का? काल नाक्यावर खोटं बोलल्याबद्दल आपल्यालाच धरतील का? एक माणूस अंधारात कुठेतरी पडलेला असू शकतो आणि मी तिथे नियमांचा हिशेब करतोय! किती वेळ गेला माहीत नाही. टेस्टरने मध्येच तोंड उघडलं आणि सरळ सांगून टाकलं: बाई नाहीच आहे. बाई कधी नव्हतीच. ते एकटे आहेत.

जवानाने आमच्याकडे पाहिलं. चिडला नाही. त्याला आश्चर्यही वाटलं नाही. परत वायरलेस उचलला आणि प्रश्न बदलला: एक अकेला बुज़ुर्ग, बड़ी मोटरसाइकिल?

उत्तर लगेच आलं. हो, सकाळी गेला होता, तीन वाजता परत निघाला.

तीन वाजता! म्हणजे माणूस दोन पोस्टच्या मध्ये कुठेतरी होता, पाच तास. लगेच गाडी निघाली. डचकाका सापडले बोगदांगजवळच्या एका घरात. वळणावर खडीवरून गाडी घसरली होती, खांद्याचं हाड मोडलं होतं. एका बाल्टी कुटुंबाने त्यांना उचलून घरात नेलं होतं, अंगावर गोधड्या टाकल्या होत्या, समोर जर्दाळूंची परात ठेवली होती. घरातला मुलगा निरोप द्यायला निघतच होता. थोडक्यात, त्यांचा जीव आमच्यामुळे वाचला वगैरे काही नाही. त्या कुटुंबामुळे ते सुखरूप होते. पण ते घर तिथे नसतं तर? गाडी रस्त्याऐवजी श्योक नदीच्या बाजूला घसरली असती तर? तर आम्ही चेकपोस्टवर उभे राहून एका जोडप्याची चौकशी करत होतो, जे जोडपं या जगात अस्तित्वातच नव्हतं.

प्रश्नच चुकीचा विचारला तर उत्तर बरोबर कुठून येणार?

आता माझा मुद्दा. या लेखाचं तात्पर्य 'परमिट बंद करा' असं आहे, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मी पुण्यात बसून लडाखच्या सीमेबद्दल शहाणपण शिकवणार नाही. १९९९ मध्ये कारगिल झालं, २०२० च्या जूनमध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. सीमा खरी आहे आणि तिथे उभी असलेली माणसंही खरी आहेत. परदेशी माणसाने उमलिंग ला किंवा नाथू ला इथे जायचंच नाही, असा नियम असेल तर असू दे. देशाने आपल्या घरातल्या कुठल्या खोलीला कुलूप लावायचं हे देशाने ठरवावं. २०११ पासून मणिपूर, मिझोराम, नागालँडमध्ये परदेशी लोकांना परमिटातून सूट होती. परिस्थिती बदलली आणि २०२४ च्या डिसेंबरात ती काढून घेतली. त्यावर वाद घालता येईल, पण निदान तो सरळ निर्णय आहे. नियम आहे, तो सगळ्यांना कळतो आणि तो पाळता येतो.

माझा आक्षेप आहे तो जो नियम पाळताच येत नाही, आणि म्हणून सगळे मिळून पाळल्याचं नाटक करतात, त्याला. एकट्या माणसाने दोन व्हायचं कसं? त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात, खोटं बोल किंवा परत जा. साठ वर्षांचा माणूस अर्धं जग ओलांडून आलाय, तो परत जाणार नाही. आणि खोटंही त्याने मनापासून बोलायचं नाही, आपणच त्याला शिकवायचं. देशात येऊन पहिल्या महिन्यात त्याला शिकवलेलं पहिलं हिंदी वाक्य कुठलं? "पीछे आ रहा है."

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये तिन्ही ऐकून झालेत.

पहिला: "अरे, आपल्याला शेंगेन व्हिसाला काय कमी नाचवतात? बँक स्टेटमेंट, इन्शुरन्स, हॉटेल बुकिंग... त्यांना थोडा त्रास झाला तर काय बिघडलं?" मला ऑनसाइट जाताना जे भोगावं लागलं त्याची आठवण झाली की मलाही क्षणभर हे पटतं. पण परमिट हे उट्टं काढायचं साधन नाही. ते सुरक्षेसाठी आहे ना? मग ते सुरक्षेचं काम करतंय का, एवढंच बघू. त्रास द्यायला माझी हरकत नाही, त्रासातून खरी माहिती तरी मिळू दे!

दुसरा: "एजंटची सक्ती काढली तर स्थानिकांच्या पोटावर पाय." हा आक्षेप गंभीर आहे. लेहमध्ये सीझन चार-पाच महिन्यांचा असतो आणि त्यावर वर्ष काढायचं असतं. मनालीहून भाड्याने आणलेली बाइक नुब्रा-पँगाँगला नेऊ द्यायची नाही, लेहचीच घ्यायची, असा तिथल्या लोकांचा आग्रह असतो तोही याचसाठी, आणि तो मला समजतो. पण मग एजंटची फी उघड ठेवा. एजंट अर्ज तपासेल, हवामान सांगेल, प्रवासी कुठे थांबणार ते लिहून घेईल, ठरल्या दिवशी परत आला नाही तर पोलिसांना कळवेल. या कामाचे पैसे द्यायला डचकाका आनंदाने तयार होते. ड्रॉवरमधून दुसऱ्याचा पासपोर्ट काढायचे पैसे देताना मात्र त्यांचा चेहरा उतरला होता.

तिसरा: "एकट्याला जाऊच कशाला द्यायचं? हा प्रसंग त्याचाच पुरावा नाही का?" टेस्टरचंच हे म्हणणं होतं आणि यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. एकट्याने जाणं धोक्याचं आहे, कबूल. पण एकटे लोक आजही जातात. फक्त कागदावर ते दोन असतात. धोका तेवढाच राहिला, वर तो दिसेनासा झाला. एकटा आहे हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं तर सात वाजता आम्ही जायच्या आधीच कुणीतरी विचारलं असतं की सकाळचा तो एकटा म्हातारा परतला का?

दुसऱ्या देशांत काय चालतं, हे डचकाकांकडूनच ऐकलं. हात गळ्यात बांधलेला असताना माणूस गप्पा फार छान मारतो. इराणमधून पाकिस्तानात शिरताना, ताफ्तानच्या सीमेपासून क्वेट्टापर्यंत, त्यांच्याबरोबर बंदूकधारी लेवीज होते. एका नाक्यावरचे शिपाई त्यांना पुढच्या नाक्यावरच्या शिपायांच्या हवाली करायचे. प्रत्येक ठिकाणी रजिस्टर, नाव, पासपोर्ट नंबर, सही. काका वैतागले होते. दिवसभरात गाडी कमी चालवली आणि सह्या जास्त केल्या, म्हणाले. पण मग थांबून म्हणाले, "तिथे मी कुठे आहे हे प्रत्येक क्षणी कुणाला तरी माहीत होतं."

दुसरं टोक ताजिकिस्तानचं. काही वर्षांपूर्वी ते पामीर हायवेवर जाऊन आले होते. पंज नदीच्या काठाने रस्ता, नदीपलीकडे अफगाणिस्तान, म्हणजे सीमा काही कमी नाजूक नाही. तिथल्या गोर्नो-बदख्शान प्रांतासाठी परदेशी माणसाला वेगळं परमिट लागतं. ते कसं मिळतं? ई-व्हिसाच्या फॉर्ममध्येच एक चौकोन आहे. त्यावर टिक करायची, थोडे पैसे जास्त भरायचे. माणूस एकटा असला तरी चालतं. आणि २०२२ मध्ये तिथे परिस्थिती चिघळली तेव्हा त्यांनी ते परमिट देणंच थांबवलं होतं. म्हणजे सोय दिली म्हणून दार बंद करायचा हक्क जात नाही.

एक नियम कडक, एक सैल. पण दोन्हीकडे रजिस्टरमधला आकडा आणि रस्त्यावरचा माणूस यांचा मेळ बसतो. लडाखमध्ये तेवढंच हवंय.

आणि हे भारतात जमणारच नाही असंही नाही. हिमाचलातच बघा. किन्नौरमधल्या रेकाँग पिओवरून स्पितीत काझाला जाताना परदेशी माणसाला सुमदोपर्यंतच्या पट्ट्यासाठी परमिट लागतं. (तोच माणूस मनालीहून कुंझुम ओलांडून काझाला, तिथून ताबोला आला तर लागत नाही. परमिट त्या पट्ट्याचं आहे.) पण काझाच्या सरकारी कचेरीत एकट्यालाही ते मिळाल्याचं अनेक प्रवासी सांगतात. तिकडे तिबेटची सीमा, इकडेही तिबेटचीच. आकाश कोसळलेलं नाही.

मग करायचं काय? मी प्रोग्रामर आहे, तेव्हा बदल सुचवल्याशिवाय उठणार नाही. :)

एक, परमिट माणसागणिक द्या, गटागणिक नको. प्रत्येकाला स्वतःचा नंबर. दोघं बरोबर असतील तर तसं लिहा, एकटा असेल तर ठळक अक्षरात 'एकटा' लिहा. एकट्यावर जास्त अटी घाला हवं तर: परतीची वेळ सांगायची, प्रत्येक पोस्टवर नोंद करायची, फार नाजूक भाग असेल तर स्थानिक गाइड घ्यायचा. तो गाइड निदान हाडामांसाचा असेल.

दोन, पाच-सहा झेरॉक्सच्या जागी एक क्यूआर कोड. "तिथे नेटवर्क कुठाय?" हा प्रश्न हमखास येतो. नेटवर्क लागतच नाही. डिजिटल सही केलेला कोड ऑफलाइन तपासता येतो. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी कोविनची लसीची सर्टिफिकेटं खिशात घेऊन फिरलो, त्यावरचा कोड असाच सही केलेला होता. एवढ्या लोकसंख्येसाठी जे केलं ते नुब्राच्या पर्यटकांसाठी जड नाही.

तीन, सॅटेलाइटचं यंत्र सरसकट गुन्हा ठरवण्याऐवजी नोंदणी केलेली यंत्रं लेहमध्येच भाड्याने मिळू देत. यंत्राचा नंबर परमिटवर, अनामत रक्कम जमा, परत येताना परत. कोण कुठे आहे हे सरकारलाही कळेल. स्थानिकांना एक धंदाही मिळेल.

हे सगळं ऑनलाइन करा, असा माझा आग्रह नाही. चुकीचं फील्ड कागदावरून वेबसाइटवर नेलं म्हणून ते बरोबर होत नाही. आधी फील्ड दुरुस्त करा, मग ते वहीत लिहा नाहीतर क्लाउडवर ठेवा.

त्या रात्रीची एक गोष्ट राहिली. डचकाकांना आधी लष्कराच्या एमआय रूममध्ये आणि मग दिस्कीटच्या दवाखान्यात नेलं. आम्ही मागून निघताना चेकपोस्टवर थांबलो, आभार मानायला. जवान रजिस्टरमध्ये परतीची नोंद करत होता. त्याने एक क्षण पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितने लिखूँ?"

मी म्हणालो, "एक."

"मगर गए तो दो थे," तो म्हणाला. आणि तो हसला नाही. बरोबरच होतं त्याचं. दोन गेले आणि एक आला, तर त्या वहीच्या हिशेबाने एक स्पॅनिश बाई नुब्रात हरवली. शेवटी त्याने '२' लिहिलं आणि वही मिटली. खोटं सुरू करताना मी सोबत होतो, ते पुरं करतानाही मीच समोर उभा होतो.

डचकाका बरे झाले. गाडी जहाजाने घरी गेली. अधूनमधून मेल येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची सीमा बंद झाली तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की बरं झालं आधी येऊन गेलो. दर वेळी शेवटी एक ओळ असते: माझी स्पॅनिश सोबतीण सापडली का?

आणि आमच्या त्या फॉर्मचं काय झालं? पर्यायी नंबर आम्ही ऐच्छिक केला. मॅनेजर म्हणाले, अर्धे लोक भरणारच नाहीत. खरंच, बऱ्याच जणांनी नाही भरला. पण ज्यांनी भरला त्यांचा फोन लागायचा.

असो. चहा गार झाला. पाऊस चालूच आहे.